मावशींची विळी आणि इंग्लंडची तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळणाघरांविषयी आपल्या दैनिकात आलेली दोन पत्रं वाचली. एका वाचकांना घरगुती पाळणाघरांना परवाना आणि सरकारी तपासणी सक्तीची हवी आहे. दुसऱ्या वाचक भगिनी म्हणतात, तपासणी म्हणजे हप्त्याची सोय, आहे ते बरं चाललंय. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून लिहायला बसले. लहानपणी चार वर्षं मी डोंबिवलीत एका मावशींच्या पाळणाघरात काढली. आणि 2016 पासून इंग्लंडमध्ये रेडिंगला राहत्या घरात पाळणाघर चालवते आहे. माझी दोनदा तपासणी झाली. पत्र लांबलंय, कात्री चालवायला हरकत नाही, फक्त विळीचा भाग ठेवा.

आधी इथली पद्धत सांगते. माझ्यासारखीला इथे चाइल्डमाइंडर म्हणतात. आठ वर्षांखालचं परक्याचं मूल पैसे घेऊन आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं, तर नोंदणी करावीच लागते. एका वेळी आठाखालची सहाच मुलं. त्यांतली पाचाखालची तीन आणि त्या तिघांत वर्षाखालचं एकच. आपलं स्वतःचं मूलही त्यातच मोजायचं. 2001 पासून हे सगळं ऑफस्टेड या सरकारी खात्याकडे आहे. शाळा तपासणारे तेच, माझं स्वयंपाकघर तपासणारेही तेच.

तपासणी अगदी अचानक नसते. आधी फोन येतो आणि त्यानंतर पाच कामाच्या दिवसांत माणूस दारात. पहिला फोन आला 2018 मध्ये, सोमवारी सकाळी. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. घरात मुलं कोणत्या वारी असतात, मोठी माणसं कोण कोण असतात असं विचारून पलीकडच्या बाई म्हणाल्या, गुरुवारी येते. फोन ठेवला आणि तिसरी शिट्टी झाली की नाही तेच मला कळलं नाही. डाळ लागली.

मग तीन दिवस मी जे काही केलं ते आठवलं की आज हसू येतं. ‘कागदावर नसेल ते घडलंच नाही’ असं एका जुन्या चाइल्डमाइंडर बाईंनी मला बजावून ठेवलं होतं. नवऱ्याने ऑफिसातून येताना लॅमिनेटर आणला. हात धुवा, रांगेत या, हसरा चेहरा, रडका चेहरा, सगळं प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर. धोरणं लिहिली: आजारी मुलाचं धोरण, हरवलेल्या मुलाचं धोरण, मूल न्यायला कुणी आलंच नाही तर त्याचं धोरण. प्रत्येक मुलाची फोटो चिकटवलेली जाडजूड वही. बुधवारी रात्री दीड वाजता मी बाथरूमच्या फरशांमधल्या रेघा टूथब्रशने घासत होते. लग्नघरातही मी एवढी घासाघीस केली नव्हती.

घर ‘सुरक्षित’ करणं हा एक वेगळाच अध्याय. आपल्या घरात किती शस्त्रं असतात ते तेव्हा कळलं. देवघर स्वयंपाकघरात, खालच्या फळीवर. निरांजन, उदबत्त्या, काडेपेटी सगळं वरच्या कपाटात गेलं आणि देव बिचारे घंटेवर राहिले. खिडकीतली तुळस चालली, पण मनीप्लांट विषारी निघाला, तो शेजारणीला दिला. पडद्यांच्या दोऱ्या गळ्याला फास बसू नये म्हणून उंच खुंटीला गुंडाळल्या. आणि विळी! डोंबिवलीहून दोन बॅगा भरून आणलेल्या संसारातली ती एकच वस्तू मी हट्टाने आणली होती, विमानतळावर बॅग उघडून दाखवावी लागली तरी. खोबणीत बसणारं पातं, पुढे नारळ खवायचे दाते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या उंचीवर जमिनीवर ठेवायची, उघडं पातं वर करून वापरायची ही वस्तू धोक्याच्या यादीत कशी लिहायची, मला समजेना. शेवटी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. अजून तिथेच आहे. नारळ मी आता फ्रोझनच आणते.

जेवणाचीही तीच तऱ्हा. द्राक्षं उभी चिरायची, चार फोडी करायच्या, गोल द्राक्ष घशात बसतं म्हणून. हे कुणीही कुठेही करावं असं मला वाटतं, भारतातसुद्धा, आजच्या आज. बाळाच्या वरणात मीठ नाही. चौदा पदार्थांची ॲलर्जीची यादी भिंतीवर, त्यात शेंगदाणा आहे आणि तीळही. एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, तो दोन वर्षं माझ्याकडे होता. ती दोन वर्षं आमच्या घरात दाण्याचं कूट आलं नाही. आषाढीला कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी खाऊन नवरा म्हणाला, उपास कशाला म्हणतात ते आज कळलं.

आणि मी पाळणाघर चालवते, पण माझ्या घरात पाळणा नाही. साडीची झोळी तर नाहीच नाही. बाळ उताणं, सपाट टणक गादीवर, शेजारी उशी नाही, दुलई नाही, दर दहा मिनिटांनी मी जाऊन श्वास बघते. सासूबाईंना हे बघवत नसे.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. घरात राहणाऱ्या सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाची गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी होते. नवऱ्याची झाली. मुलगा सोळाचा झाला तेव्हा त्याचीही, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं. 2019 मध्ये सासूबाई सहा महिने राहायला येणार, तर त्यांच्यासाठी मी भारतातून पोलिसांचा दाखला मागवला. “मी काय सुनेच्या घरात दरोडा घालायला येतेय का?” असं त्यांनी फोनवर विचारलं, तेही स्पीकरवर, नणंदेसमोर. आल्यावर मात्र तो दाखला त्यांनी पोथीत जपून ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

तर तो गुरुवार. बाई आल्या, ओळखपत्र दाखवलं, मी ते नीट तपासलं (तपासायचंच असतं, तीही परीक्षाच). वह्या चाळल्या, हजेरी पाहिली, अपघाताची नोंदवही पाहिली, कपाटातली औषधं पाहिली. लॅमिनेट केलेल्या रडक्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मग मुलं झोपल्यावर समोर बसून शांतपणे विचारलं, “समजा, एखाद्या मुलाच्या आईने तुमच्या यजमानांवर आरोप केला, की त्यांनी मुलाला नको तसा हात लावला. तुम्ही काय कराल?”

मी म्हणाले, “आधी यांना विचारीन.”

बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. त्या शांततेत मला प्रशिक्षणातलं उत्तर आठवलं. नवऱ्याला काही विचारायचं नाही. काउन्सिलमध्ये अशा आरोपांसाठी नेमलेला एक अधिकारी असतो, लगेच त्याला फोन करायचा. चौदा दिवसांच्या आत ऑफस्टेडला कळवायचं. नंबर कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेलाच होता. उत्तर सुधारून दिलं. शेरा ‘गुड’ मिळाला.

पण रात्री झोप लागली नाही. पहिलं उत्तर खरं होतं हो. आपल्याकडे घरातली गोष्ट आधी घरात विचारायची असते, मग घरात मिटवायची असते, आणि मूल त्या मिटवण्याखाली मिटून जातं. 2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरातली ती चित्रफीत आली होती, दहा महिन्यांच्या मुलीला बाई मारते आहे अशी. माझी नोंदणी त्याच वर्षीची. मला ती चित्रफीत तीन नातेवाइकांनी पाठवली, ‘तू जपून गं’ असं लिहून. म्हणजे मी मारीन म्हणून जपायचं, की माझ्यावर आळ येईल म्हणून, ते काही लिहिलं नव्हतं. कॅमेरा होता म्हणून कळलं. कॅमेरा नसेल तिथे ते बघणाऱ्या दुसऱ्या बाईने कुणाला फोन करायचा? मला तपासणीतली ही एकच गोष्ट सोन्याची वाटते. लॅमिनेटर नाही, फाइल नाही. घराबाहेरचा एक नंबर, आणि तो आधी फिरवायचा ही सवय.

दुसरी तपासणी 2023 मध्ये झाली. मधल्या काळात इथले नियम बदलले होते. 2019 मध्ये तपासणीची नवी चौकट आली, 2021 मध्ये अभ्यासक्रम सुटसुटीत झाला आणि वह्या रंगवण्याचा सोस कमी करा असं वरूनच सांगण्यात आलं. मी मात्र पुन्हा तीन रात्री जागलेच. जित्याची खोड.

या वेळच्या तपासनीस बाई पन्नाशीच्या, गुडघे दुखतात म्हणत सरळ जमिनीवरच बसल्या. मी फाइल पुढे केली. त्या म्हणाल्या, राहू द्या, मला तुम्हाला मुलांबरोबर बघायचंय. माझ्याकडे त्या दिवशी एक पोलिश मुलगा तीन वर्षांचा, एक इंग्रज मुलगी दोन वर्षांची आणि एक अकरा महिन्यांचं बाळ. मी खास तपासणीसाठी रंगीत तांदूळ, चमचे, फनेल असा थाट मांडला होता. मुलांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पोलिश मुलगा थेट स्वयंपाकघराच्या फाटकाशी गेला आणि मटारच्या शेंगांची पिशवी ओढत घेऊन आला, कारण आमच्याकडे बुधवारी मटारभात असतो. “माशी, पीज!” मुलं मला मावशी म्हणतात, म्हणजे मी शिकवलं मावशी, त्यांच्या तोंडी होतं माशी. बाईंनी अर्थ विचारला. मी दोन्ही अर्थ सांगितले. त्या बराच वेळ हसत होत्या.

मग आम्ही बसलो मटार सोलत. दोन वर्षांची मुलगी शेंग फोडते, आत किती दाणे ते बोट ठेवून मोजते, चारनंतर थेट नऊ. मुलगा पोलिश भाषेत मोजतो, मी मराठीत, ती इंग्रजीत. रिकामी टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे. एक दाणा नाकात जायच्या बेतात होता, तो मी अडवला, आणि बाळाच्या हाती सोललेला दाणा जाऊ नये म्हणून त्याला मांडीवर घेऊन हाती लाकडी चमचा दिला. बाईंनी विचारलं, हे का करता? मी खरं ते सांगितलं: भात करायचाय. त्यांनी पुन्हा विचारलं, अजून का? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की बोटांची चिमूट, मोजणी, तीन भाषा, वाट बघणं, सगळं त्या शेंगांत होतं. अहवालात रंगीत तांदळाचा उल्लेख नाही. मटारवर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

तो परिच्छेद वाचला तेव्हा मला डोंबिवलीच्या मावशी आठवल्या.

पूर्वेला, तळमजल्यावर दोन खोल्या. आम्ही अकरा मुलं. आई फोर्टात नोकरीला, सकाळच्या गाडीने जायची ती संध्याकाळी साडेसातला यायची. मावशींकडे हुकाला साडीची झोळी, जमिनीवर पंपाचा स्टोव्ह, शेजारी विळी. इथल्या तपासनीस बाई गेल्या असत्या तर पंधरा मिनिटांत टाळं लावून आल्या असत्या. पण शेंगा सोलायला आम्हाला बसवायच्या त्या मावशीच. पावटे, मटार, तूर. ‘ज्याच्या शेंगेत सात दाणे तो राजा.’ मोजणी मी तिथेच शिकले. सातच्या पुढे मोजायला शाळेत जावं लागलं.

माझ्या डाव्या मनगटावर एक डाग आहे. चार वर्षांची असताना स्टोव्हवरच्या पातेल्याला हात लागला. मावशींनी काय केलं? शाई लावली. तेव्हा भाजल्यावर शाई लावत. रात्री आई आली तेव्हा मला कडेवर घेऊन स्वतः दारात उभ्या राहिल्या आणि आईने काही विचारायच्या आत रडत सांगून मोकळ्या झाल्या. अपघाताची नोंदवही नव्हती, पालकाची सही नव्हती, पण लपवलं नाही. पुढे इथे बारा तासांचा प्रथमोपचाराचा वर्ग केला (दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो), तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं: भाजलं की वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बाकी काही लावू नका. वीस मिनिटं पाणी. मावशींच्या मोरीत नळ होता, दुपारी पाणी असायचं. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मला एवढंच म्हणायचं आहे. महाराष्ट्रात तपासणी आणा, पण आधी शिकवा. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, छान झालं. पण दोन खोल्यांतल्या मावशी त्या कायद्यात कुठेच नाहीत, आणि शिक्षिका, नर्स, दुकानात काम करणाऱ्या मुली पोरं ठेवतात ती त्यांच्याकडेच. उद्या एकदम वही घेऊन कुणी त्यांच्या दारात उभा राहिला तर त्या काय करतील? पाटी काढतील. पाटी नसतेच म्हणा, तोंडी कारभार. मग त्या दार लावून मुलं सांभाळतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. इथेही ओझं झालं की बायका सोडून जातात. 2012 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पन्नास हजारांवर चाइल्डमाइंडर होत्या, 2023 मध्ये तीस हजारांच्याही खाली आल्या. कमी मोबदला, वाढता खर्च, कागद अशी त्याला बरीच कारणं आहेत. माझ्याच गल्लीतल्या दोघींनी सोडलं. एक आता सुपरमार्केटमध्ये आहे, म्हणते रात्री झोप लागते.

शिवाय इथे काय बघणार ते आधीच छापलेलं असतं, कुणालाही फुकट वाचता येतं. नोव्हेंबर 2025 पासून एका शब्दाचा शेराही गेला, आता वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळं मत देतात. वाचक भगिनींना हप्त्याची भीती वाटते ती याच ठिकाणी. काय बघणार तेच माहीत नसेल, तर बघणारा म्हणेल तो नियम. काय बघणार ते मराठीत, एका पानावर, मावशींच्या भिंतीवर चिकटवता येईल असं छापा. त्यात द्राक्षं येऊ देत, स्टोव्ह ओट्यावर येऊ दे, एका बाईमागे किती मुलं ते येऊ दे आणि तो घराबाहेरचा फोन नंबर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत. भारतभर मुलांसाठी 1098 आहेच, निदान तो तरी.

आणि पहिलं वर्ष इन्स्पेक्टर पाठवूच नका. एखादी नर्स आणि एक रबरी बाहुली पाठवा, छाती दाबायला आणि पाठीवर थापा मारायला शिकवायला. वर्ग रविवारी ठेवा. बाकीचे सहा दिवस मावशींना वेळ नसतो. आणि शनिवारी अर्ध्या दिवसाचे पालक चारपर्यंत येत नाहीत, हे मी दोन्ही देशांत पाहिलं आहे.

नाव छापू नये ही विनंती. मुलांची ओळख पटेल असं काही बाहेर जाऊ द्यायचं नसतं, तोही नियमच आहे.

आपली,
रेडिंगची एक ‘माशी’
(मूळची डोंबिवली पूर्व)

ता. क. सासूबाई पुढच्या महिन्यात पुन्हा येत आहेत. नवा दाखला काढलाय. माळ्यावरची विळी खाली काढून ठेव, असा निरोप आहे.